पेपरातला छत्रीवाला

गेणबातात्या गेलं त्याच्या तिसऱ्या दिशी पौडावरनं एक बाई आली. शहनाज तिचं नाव. साठीला टेकलेली, डोक्यावर पदर, आन् हातात एक काळी छत्री. ऊन कडक पडलं व्हतं, पावसाचा पत्ता न्हवता, छत्रीचं काय काम न्हवतं. दारात बसली, तात्यांची बायको साळूकाकी, तिचा हात धरला आन् लई रडली. वाडीतल्या नव्या सुना एकमेकींकडं बघाया लागल्या, ही कोण आन् तात्यांसाठी एवढी का रडती. जुनी माणसं गप बसली. सांगाया कुणाला बरं वाटत न्हाई. पर तात्यांनी सोता ते कवा लपवलं न्हाई, मंग आता सांगाया काय हरकत हाय.

वाडी मुळशीच्या धरणाच्या वरल्या अंगाला. तवा रस्ता न्हवता. यष्टी खाली फाट्यापतोर यायची, तिथनं तास-दीड तासाची चढण. वाडीत छत्तीस उंबरा, शाळा न्हाई, मास्तर न्हाई. वाचता येणारं माणूस एकच, गेणबातात्या. ते ल्हानपणी पौडाला मामाकडं राहून चौथी झालेलं. कोंडीबा रोज फाट्यावर दूध घालाया जायचा, त्याला यष्टीचा कंडक्टर आदल्या दिशीचा पेपर द्यायचा. त्यो पेपर दुपारच्याला तात्यांच्या ओट्यावर यायचा. तात्यांचं घर वाडीत शिरताना पहिलंच, म्हणून समदी त्याला पहिला ओटा म्हणायची.

तात्यांनी पुण्याच्या मंडईपशी, रस्त्यावर मांडत्यात त्यातनं एक चष्मा घेतलेला. नंबर-बिंबर कोण बघतंय. घातला का अक्षर मोठं दिसायचं, आन् तात्या बी मोठं दिसायचं. चष्मा चढवायचं, घसा खाकरायचं, पेपर झटकून धरायचं. बाया भाकरीचं पीठ तसंच ठेवून यायच्या. वाचणं असं का, ऐकणाऱ्याला वाटावं ह्यो माणूस तितंच उभा राहून बघून आलाय.

पर तात्यांना एक खोड. वाचता वाचता ते भर घालायचं. मनात वाईट काय न्हवतं. कुणाचं पत्र आलं, त्यात बाप लई आजारी हाय असं लिवलेलं असलं, तर तात्या वाचायचं, बापाला जरा बरं न्हाई. पुढं बसलेल्या माणसाचं उतरलेलं तोंड त्यांना बघवायचं न्हाई. हे फकस्त साळूकाकीला ठावं व्हतं. ती म्हणायची, ह्यांनी सोताचं घातलं का आवाज जरा खाली येतोय, छापलेलं असलं का वर असतोय. एवढं बारीक ऐकाया दुसऱ्या कुणाला सवड न्हवती.

चिन्यांची लढाई झाली त्या साली ही खोड वाढली. पेपरात रोज यायचं का आपलं जवान शर्थीनं लढत्यात, आन् चार वळी खाली यायचं का अमकी चौकी सोडली. तात्यांनी पहिल्या दिशी जसं व्हतं तसं वाचलं. लोकांची तोंडं उतरली. कुणी म्हणलं, तात्या, बरोबर वाचताय न्हवं. जशी काय चौकी तात्यांनीच सोडली. दुसऱ्या दिशी तसंच काय आलं तवा तात्या म्हणलं, चौकी सोडली, पर सोडताना शंभर चिनी कापलं. ते शंभर पेपरात न्हवतं. लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या. तिसऱ्या दिशी ओट्यावर बसाया जागा उरली न्हाई. तात्या घरात येऊन काकीला म्हणलं, लोकांना धीर नको का. काकी म्हणली, धीर द्या, पर पेपरच्या तोंडातनं कशापायी देताय. तात्यांनी ते हसण्यावारी नेलं.

त्याच ओट्यावर बसून ऐकता ऐकता गोजराबाईचा भैरू पेटला आन् पुण्याला जाऊन भरती झाला. गोजराबाई रांडमुंड बाई, एकुलता एक पोर. ती तात्यांना येता-जाता म्हणायची, माझं पोर सरकारनं न्हाई न्हेलं, तुमच्या जिभेनं न्हेलं. हसून म्हणायची. पर म्हणायची.

मंग पासष्ट साल आलं. भादव्याचा महिना, भात पोटरीला आलेलं, आन् पाकिस्तानबरोबर लढाई सुरू झाली. भैरू पंजाबच्या अंगाला व्हता. गोजराबाई दुपार व्हायच्या आधीच येऊन पहिल्या पायरीवर बसायची. आता ऐकाया आलेल्या लोकांना धीर पुरत न्हवता. त्यांना आणखी काय तरी लागत व्हतं. कुठं लढाई चाललीय, आन् ती आपल्यापतोर येती का, ह्ये समद्यांना पायजे व्हतं. आपल्या डोंगराला बी त्यात जागा असावी असं वाटायचं.

एक दिस पेपरात आलं का शत्रूचे छत्रीधारी सैनिक उतरलेत, ते साध्या वेषात असत्यात, आपल्यासारखीच भाषा बोलत्यात, तर लोकांनी सावध राहावं. तात्यांनी वाचलं. वाल्मीक म्हणून एक तरणा गडी व्हता, डोक्यानं तापट. त्यानं इचारलं, छत्रीधारी म्हंजे काय वो.

तात्यांना ठावं न्हवतं. पर चष्मा घालून बसलेल्या माणसानं मला ठावं न्हाई असं कसं म्हणायचं. ते म्हणलं, धारी म्हंजे धरणारं. छत्री धरून येणारं. छत्रीवालं.

वाल्मीक म्हणला, हितं बी येतील का.

तात्या पेपरातच बघत व्हतं. डोळं वर न करता म्हणलं, हितं धरण हाय. धरणावर त्यांचा डोळा असणारच.

आतनं काकीनं ऐकलं. आवाज खाली आलेला. पर ती चुलीपशी व्हती, उठली न्हाई.

दोन दिसांनी पेपरात एक चित्र आलं. इमान, आन् इमानाखाली लोंबणारी माणसं, एकेकाच्या डोक्यावर घराएवढं कापड फुगलेलं. खाली लिवलेलं, छत्रीधारी सैनिक. तात्यांनी ते बघितलं आन् त्यांच्या ध्यानात आलं. समद्यांपुढं सांगावं का न्हाई, क्षणभर वाटलं. मंग त्यांनी पान घडी घालून उलटं धरलं, दुसरीकडचं वाचलं, आन् घरात जाऊन त्यो पेपर कणगीखाली सारला. चूक मोठी न्हवती, एका शबुदाची. कोण इचारतंय असं त्यांना वाटलं.

पौडाच्या बाजारात म्हंमद राहायचा. जातीचा मुसलमान, बोली आपलीच, तात्यांच्याच वयाचा. बाकी दिस कंदील, कुलपं, स्टो असलं दुरुस्त करायचा आन् पावसाळ्यात छत्र्या. शेतात समद्यांना इरलं पुरायचं, पर बाजाराला, सोयऱ्याकडं जायाला छत्री लागायची, आन् डोंगरातला वारा छत्री वर्षभर टिकू देत न्हाई. म्हंमद दर साली यायचा, मोडक्या छत्र्या गोळा करून न्यायचा आन् आठ दिसांनी दुरुस्त करून आणायचा. कुणाची कुठली ते चुकू नये म्हणून दर छत्रीला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचा. कोंडीबा, देवळामागं. गोजराबाई, उंबरापशी. गेणबा, पहिला ओटा. अन् वर चढताना लांबनं हाळी द्यायचा, छत्रीवाला आलाय बायांनो, छत्रीवाला.

त्या सालीबी त्यानं छत्र्या न्हेल्या व्हत्या. चित्राचा पेपर आला त्याच्या दुसऱ्या दिशी धुकटातनं हाळी आली. छत्रीवाला आलाय.

गोजराबाई बांधावर गवत कापत व्हती. तिनं विळा टाकला आन् छत्रीवालं आलं म्हणून वरडत वाडीकडं पळत सुटली.

तात्या खालच्या खाचरात व्हतं. बांध फुटलेला, चिखल लावत व्हतं. कोंडीबा धापा टाकत आला आन् म्हणला, तात्या, धरला. तात्या म्हणलं, कुणाला. कोंडीबा म्हणला, छत्रीवाल्याला. तुमी वाचला त्योच.

तात्यांच्या हातातला चिखल गळून पडला म्हणत्यात. कोंडीबाच पुढं सांगायचा हे. 

कोंडीबाच्याच गोठ्यात खांबाला म्हंमदला बांधलेलं. दावं गुरांचंच. गाठोडं सोडून छत्र्या फाडलेल्या, आत काय लपवलंय ते बघाया. कापडं एकीकडं, तारा एकीकडं. हातातली तारेची पकड सोडंना म्हणून त्याचा उजवा अंगठा कुणी तरी मागं वाकवलेला, त्यो सुजून केळ्यासारखा झालेला. छप्पन्न सालापास्नं जो माणूस वाडीत येतोय, ज्यानं एकेकाच्या घरचा चहा पिलाय, त्याला समदी अशी बघत व्हती जसा आजच बघितलाय. आन् ओळखीचा हाय हाच त्याचा गुन्हा झालेला. ओळखीचंच बनून येत्यात असं पेपरात आलेलं न्हवतं का. कुठलं घर कुटं हाय ते याच्याशिवाय कुणाला ठावं हाय.

वाल्मीकच्या मुठीत चिठ्ठ्या व्हत्या. त्यानं त्या तात्यांच्या पुढं धरल्या. म्हणला, वाचा. समदी वाडी लिवलीय यानं. आता पोलिसपाटलाच्या हवाली करायचाय, तुमी वाचून दावलं म्हंजे झालं.

म्हंमदनं तात्यांकडं बघितलं. म्हणला, "गेणबा, तुझी तेवढी फाडली न्हाई त्यांनी. तितं भिंतीला हाय बघ."

तात्यांनी कमरेचा चष्मा काढून डोळ्याला लावला. हात चिखलाचा, काचेवर बोटं उठली. त्यांनी एकेक चिठ्ठी वाचली. कोंडीबा, देवळामागं. वाल्मीक, वरची आळी. गोजराबाई, उंबरापशी. समदी माना डोलवत व्हती, का बघा, व्हतं का न्हवतं. गोजराबाई पुढं आली.  ती म्हणली, "तात्या, पेपरात व्हतं ना छत्रीवालं? का आमीच खुळं झालो?"

आता बघा, तितं तात्यांना सोपी वाट व्हती. पेपरात तसंच छापलं व्हतं म्हणलं असतं, तर कोण वाचणार व्हतं. खोटं पेपरच्या माथी गेलं असतं. पेपर काय पुण्यास्नं उठून येणार व्हता जाब द्यायाला. आन् तात्यांचा ओटा तसाच भरला असता.

तात्यांनी चष्मा काढला. काकीला म्हणलं, साळे, कणगीखाली पेपर हाय, आण.

काकीनं आणला. तात्यांनी घडी मोडली आन् चित्र समद्यांच्या पुढं धरलं. चित्र बघाया कुणाला अक्षर लागत न्हाई. म्हणलं, "ह्ये छत्रीधारी. इमानातनं उड्या टाकणारं शिपाई. पेपरात ह्येच व्हतं. छत्रीवालं म्या म्हणलं. मला ठावं न्हवतं, आन् कळलं तवा म्या पेपर लपवला."

 वाल्मीकनं चित्र बघितलं, म्हंमदकडं बघितलं, परत चित्राकडं. त्याला खाली बघवंना आन् वर बी बघवंना. मंग त्यो तात्यांवरच उलटला.

"धरणावर डोळा हाय म्हणला व्हता, ते?"

"ते बी माझं."

"शंभर चिनी कापलं, ते?"

"माझं."

"मंग तीन वर्सं आमी ऐकत काय व्हतो इथं बसून?"

 तेवढ्यात गोजराबाईनं हळूच इचारलं, आन् तिनं इचारलं त्येच तात्यांना मरेपतोर पुरलं.

"माझ्या भैरूचं पत्र आलं व्हतं. खुशाल हाय असं वाचलं तुमी. ते कुणाचं?"

"खुशाल हाय असं लिवलं व्हतं," तात्या म्हणलं. "त्याच्या आधी लिवलं व्हतं का संगतीचं दोघं गेलं. ते म्या वाचलं न्हाई."

 गोजराबाईनं पदर खोचला आन् निघून गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दावं तात्यांनी सोताच्या हातानं सोडलं. म्हंमदनं हत्यारं गोळा केली, पकड घेतली, छत्र्यांकडं बघितलं बी न्हाई. उजवा हात डाव्यात धरून चालाया लागला. तात्या मागं मागं. फाट्याच्या वळणापशी म्हंमद थांबला, म्हणला, "मागं येऊ नगंस गेणबा. कुणी बघितलं तर म्हणतील, ह्ये दोघं सामील व्हतं."

तात्या तितंच थांबलं.

पुढं ओट्यावर कोण येईना. पेपर यायचा, तात्या उघडायचं, समोर काकी आन् एक म्हातारं कुत्रं. लढाई थांबली तरी कुणी इचाराया आलं न्हाई. मंग दिवाळीच्या आदुगर गोजराबाई आली. पदराखाली पत्र. पायरीवर बसली न्हाई, उभीच राहिली. म्हणली, चष्मा घाला. आन् समदं वाचा, मला काय वाटंल ते माझं मी बघीन.

तात्यांनी वाचलं. भैरूच्या पायाला गोळी चाटून गेली व्हती, दवाखान्यात व्हता, बरा व्हता, माघात रजेवर येणार व्हता. आन् संगतीच्यातलं आणखी एक गेलं व्हतं, त्याचं नाव, त्याचं गाव. समदं वाचलं. आवाज कुठंच खाली आला न्हाई, काकी दारात उभी राहून ऐकत व्हती. वाचून झालं तवा तात्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला, मंग म्हणलं, पाय बरा व्हईल, काळजी नको करूस. ह्ये पत्रात न्हाई, ह्ये मी म्हणतोय.

तवापास्नं त्योच रिवाज पडला. चष्मा डोळ्यावर असला का पेपर बोलतोय. चष्मा काढला का गेणबा बोलतोय. हळूहळू लोकं परत आली, समदी न्हाई, पर आली. तीच आता वाचता वाचता मधीच म्हणायची, तात्या, ह्ये चष्म्याचं का तुमचं. आन् पेपरातल्या कुठल्या गोष्टीवर तात्यांचा इश्वास नसला तर ते चष्मा काढून म्हणायचं, छापलंय असं, पर मला पटत न्हाई. पहिल्यांदा कुणी तरी वाडीत असं म्हणलं, का छापलेलं बी पटलं पायजे.

पुढच्या साली मिरग लागला. हाळी काय आली न्हाई. समद्यांना ठावं व्हतं का येणार न्हाई. छत्र्या तशाच फाटक्या गेल्या सालच्या, काही तर आपणच फाडलेल्या. पौडाला घेऊन जा म्हणून एकमेकांना सांगायची, जायाचं कुणी न्हाई. म्हंमदच्या पुढं उभं राहायचं तर तोंड पायजे.

एक दिस तात्यांनी घरोघर जाऊन छत्र्या मागून घेतल्या. वाल्मीकनं दारातनंच आपली दिली. सतरा छत्र्यांचं गाठोडं पाठीला मारून तात्या पौडाला गेलं.

म्हंमद दाराबाहेर बसून छत्री शिवत व्हता. अंगठा वाकत न्हवता. सुई त्यानं पहिल्या दोन बोटांत धरलेली, टाका मारून झाला का दात लावून दोरा वढायचा. तात्यांनी गाठोडं खाली ठेवलं. म्हंमदनं बघितलं. लई येळ त्यो शिवतच राहिला. मंग एक छत्री वढली, उघडली, तारा मोजल्या.

"आठ दिसांनी," म्हणला.

तात्यांनी इचारलं, तू वर आणशील का. म्हंमद म्हणला, न्हाई. तात्या म्हणलं, मंग मी येईन न्यायाला.

बाजूला पेपर पडलेला. म्हंमदनं पायानं तात्यांकडं सारला, म्हणला, हात गुतल्यात माझं, वाच. तात्यांनी चष्मा लावून वाचलं. त्यात लढाईचं काय न्हवतं, कुठं पाऊस झाला, कुठं न्हाई झाला. म्हंमद मधीच म्हणला, ह्ये पेपरात हाय का तुझं. तात्यांनी चष्म्याचा रिवाज सांगितला. म्हंमदनं सुई थांबवली, तात्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं.

"मंग झोपताना बी काढत जाऊ नगंस," म्हणला.

हसला का न्हाई ते तात्यांना कळलं न्हाई. पर घरी येऊन त्यांनी काकीला तीन डाव सांगितलं.

आठ दिसांनी तात्या छत्र्या आणाया गेलं. समद्या नीट केलेल्या, दर छत्रीला चिठ्ठी. कोंडीबा. वाल्मीक. गोजराबाई. गेणबा. नाव तेवढं लिवलेलं. घर कुटं हाय ते कुठल्याच चिठ्ठीवर न्हाई. तात्यांनी समद्या चिठ्ठ्या उलटून मागनं बी बघितल्या.

मंग दर साली तात्याच पाठीवर गाठोडं मारून जायचं. वीस-बावीस वर्सं. म्हंमद परत कवा वर आला न्हाई, आन् चिठ्ठीवर कवा नावापुढं काय आलं न्हाई. दोघं बसायचं, पेपर वाचायचं, चहा व्हायचा. तात्या दर साली चिठ्ठ्या उलटून बघायचं. काकी म्हणायची, तुमी काय हुडकताय. तात्या म्हणायचं, काय न्हाई.

शेवटल्या साली तात्यांनी सोताची एकच छत्री न्हेली व्हती. त्याच आठवड्यात म्हंमद गेला. तात्या मातीला गेलं, पर छत्री मागाया त्यांचं तोंड झालं न्हाई, आन् मंग ती तितंच राहिली.

शहनाज ही त्या म्हंमदची लेक. बापाच्या पेटीत ती छत्री तिला आता एवढ्या वर्सांनी घावली. तिनं ती काकीच्या मांडीवर ठेवली. दांड्याला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली, पिवळी पडलेली. काकीनं इचारलं, काय लिवलंय गं.

शहनाजनं पदरानं डोळं पुसलं आन् वाचलं, "गेणबा, पहिला ओटा."

काकी लई येळ छत्रीवर हात फिरवत बसली. मंग म्हणली, "हाय तसंच वाचलंस ना?"

"हाय तसंच, काकी."